धुतलेला कोळसा

जरा जवळ या आणि नाकानेच माझी ओळख करून घ्या. ओल्या राखेचा वास येतोय, साबणाचा येतोय, आणि त्या दोन्हींच्या खाली एक उग्र, गोडसर वास येतोय ना? यायला नको होता. ज्याच्याजवळ उभं राहून कसलाच वास येत नाही, तो फिल्टर चांगला. एकेकाळी मी फार चांगला होतो. आता टिलबर्ग गावाबाहेर भंगाराच्या आवारात, एका लोखंडी पेटाऱ्यात, मोडक्या दिव्यांच्या आणि फाटक्या तंबूच्या खाली दबून मी हे बोलतोय. माझ्या बोलण्यात गोडवा शोधू नका.

माझं रूप कौतुक करण्यासारखं नाही. जाळीचं एक जाड नळकांडं, त्याच्या आत दुसरं अरुंद नळकांडं, आणि दोहोंच्या मधल्या जागेत ठासून भरलेला कोळसा. तो कोळसा नारळाच्या करवंट्यांचा. कुठल्या तरी उष्ण देशात कुणी खोबरं खाल्लं, कुणी तेल काढलं, आणि उरलेल्या करवंट्या भट्टीत गेल्या. मग त्यांना वाफेत असं काही भाजलं की कणाकणाला डोळ्यांना न दिसणारी बिळं पडली. ही बिळं हाच माझा जीव. हवा माझ्यातून आरपार जाते, वास तेवढा बिळात शिरतो आणि तिथेच बसून राहतो. सगळी बिळं भरली की मी संपलो. ती घरच्या घरी रिकामी करता येत नाहीत.

माणसांना हे पटत नाही. झिजलेली वस्तू घासून, पुसून, उन्हात ठेवून पुन्हा नवी होते यावर त्यांचा फार विश्वास. कुणी मला ओव्हनमध्ये भाजायला सांगतं, कुणी बदडून काढायला. वस्तू थकली हे मान्य करण्यापेक्षा तिला छळणं त्यांना सोपं जातं.

मी तयार होऊन गावात आलो तेव्हा माझ्यासारख्यांची उघड दुकानं होती. घरात झाडं वाढवायचे दिवे, तंबू, पंखे, खतं, सगळं काचेमागे मांडलेलं असे. मग कायदा बदलला. या देशात ठरलेल्या दुकानात जाऊन गांजा मागितला तर पुडी हातात पडते, कुणी भुवईसुद्धा उंचावत नाही. तो गांजा दुकानात कुठून येतो हे मात्र विचारायचं नाही. आणि तो उगवायचं सामान विकणं तर गुन्हाच ठरला. विकणाऱ्याला पुढचं दार सताड उघडं आणि आणणाऱ्याला मागचं दार बंद, असा हा न्याय. तो कुणाला सुचला असेल ते मला माहीत नाही, पण त्याच्या घरी माळ्यावर झाडं नसणार.

दुकान बंद पडलं आणि दुकानदाराने उरलेला माल लॅम्बर्ट नावाच्या मावसभावाच्या गोठ्यात हलवला. तिथे चाऱ्याच्या भाऱ्यांमागे मी प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून पडून राहिलो. तोंड बांधलेलं होतं हे माझं नशीब. उघडा असतो तर गाईंचं शेण हुंगता हुंगताच माझं आयुष्य सरलं असतं.

त्या गोठ्यात एके दिवशी सायकलवरून एक उंच, खांद्यात वाकलेला म्हातारा आला. त्याचं नाव टिनुस. रेल्वेच्या कारखान्यात डबे दुरुस्त करण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती, आणि बोलणं त्याला कधी जमलं नव्हतं. त्याने मला उचललं, हलवून पाहिलं, कानाशी धरून आतला कोळसा वाजतो का ते ऐकलं. तेवढ्यावरूनच मला कळलं की हा माणूस वस्तूंना वस्तू समजत नाही.

"हा शेवटचा," लॅम्बर्ट म्हणाला. "पोलिसांची नजर आहे माझ्यावर. परत येऊ नकोस. आलास तर मी तुला ओळखत नाही."

"मग हा टिकवायला पाहिजे," टिनुस म्हणाला.

"टिकव की. म्हाताऱ्या सासूसारखा जप. धूळ नको, ओल नको, दगदग नको."

टिनुसने मला बटाट्यांच्या पोत्यात घातलं, सायकलच्या मागे बांधलं, आणि भर दुपारी गावातून घरी नेलं. वाटेत दोन ओळखीचे भेटले. दोघांनीही यंदाचे बटाटे कसे आहेत ते विचारलं.

घर म्हणजे रांगेतलं विटांचं घर, दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांच्या भिंतींना चिकटलेलं. घरं भाड्याने देणाऱ्या संस्थेकडून ते लग्नानंतर मिळालं होतं, मुलगी मार्लुस तिथेच जन्मली, आणि म्हातारा-म्हातारी दोघंही त्याच घरातून शेवटचं बाहेर पडायचं ठरवून बसली होती. भाडेकरारात एक ओळ होती, की घरात गांजाचं झाड सापडलं तर घर गेलं. पाच झाडांपर्यंत पोलीस कानाडोळा करतात असं गावात सगळे म्हणत. पण संस्था कानाडोळा करत नाही हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

तरी टिनुसने माळ्यावर तंबू उभारला, त्यात दिवा टांगला, पाच झाडं लावली आणि छतालगत पंख्याला जोडून मला आडवा लटकवला. चैनीसाठी नव्हे. त्याची बायको नेलेके, जन्मभर लोकांचे कपडे शिवून दिलेली बाई. संधिवाताने तिची बोटं आल्याच्या कांड्यांसारखी झाली होती. कपाची मूठ धरवत नव्हती, बटाटा सोलवत नव्हता. डॉक्टरच्या गोळ्यांनी पोट बिघडे आणि हात तसेच राहत. दुखण्याने तिला झोप नव्हती, आणि ती जागी म्हणून टिनुसही जागा. शेवटी कुणीतरी तिला या झाडाच्या फुलांच्या तेलाचा थेंब दिला, आणि ती पहिल्यांदा सकाळपर्यंत झोपली. त्या झोपेसाठी टिनुस माळ्यावर चढला होता.

फुलं धरू लागली की हे झाड काय वास सोडतं ते तुम्हाला सांगून कळायचं नाही. तो वास भिंतीतून जातो, कौलांतून जातो, आणि माणसाच्या नाकातून थेट त्याच्या जिभेवर जातो. घर आणि तो वास यांच्यामध्ये उभा होतो मी एकटा.

टिनुसने मला जपलं, हे मी नाकबूल करणार नाही. झाडं लहान होती, वास नव्हता, तेव्हा तो मला पंख्यावरून उतरवून पिशवीत बांधून ठेवी. फुलं आली की मगच जोडी. पंखा तो कधी जोरात लावत नसे. हवा हळू गेली तर वासाला बिळात शिरायला सवड मिळते, हे त्याने दोन दिवस माझ्यासमोर बसून, नाक लावून शोधून काढलं. ओल माझी वैरीण. पाणी माझ्या बिळात वासाच्या आधी जागा अडवतं. म्हणून त्याने हवेतलं पाणी शोषणारं यंत्र माझ्याशेजारी ठेवलं, आणि त्याची बादली तो रोज सकाळी कॉफीच्या आधी रिकामी करी. माळ्यावर अत्तर नाही, मेणबत्ती नाही, सुगंधी डबी नाही. जावई एकदा लव्हेंडरची डबी घेऊन आला आणि म्हणाला की ही ठेवली की झालं. टिनुसने ती त्याच्या खिशात परत ठेवली. फिल्टरला चांगला वास आणि वाईट वास असा भेद कळत नाही, तो दोन्ही सारखेच पितो, एवढं त्याला समजलं होतं. दर कापणीनंतर तो मला उलटा टांगी, म्हणजे खाली बसलेला कोळसा पुन्हा सारखा होई.

आणि माझ्या अंगावर खोळ होती. धूळ आधी खोळीला लागते, मग मला. पहिली खोळ टिनुसनेच शिवली, ती पोतं शिवल्यासारखी. ती पाहून नेलेके इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. दुसऱ्या पिकाच्या वेळी मात्र नवी खोळ आली, जुन्या जाळीच्या पडद्याची, बारीक टाक्यांची, कडेला दुमड घातलेली. नेलेकेच्या बोटांत सुई पुन्हा धरवू लागली होती. टिनुस ती खोळ मला चढवताना कितीतरी वेळ टाक्यांवरून अंगठा फिरवत बसला.

"ही दर शनिवारी काढून धुवत जा," त्याने तिला सांगितलं. बस, एवढंच सांगितलं. फक्त खोळच का, आणि आतल्याला पाणी का लावायचं नाही, हे तो बोलला नाही. हे सगळ्यांना ठाऊक असतंच, असं त्याला वाटलं. न बोलणाऱ्या माणसांचा हा जुना रोग आहे.

आता या देशातल्या धुण्याबद्दल दोन शब्द. इथली बाई रस्त्यावरून दिसणारी खिडकी धुते, खिडकीची चौकट धुते, दाराबाहेरची फरशी आणि त्यापुढचा रस्ताही धुते. खिडकीला पडदे नाहीत, कारण लपवण्यासारखं काही नाही हे शेजाऱ्यांना दिसलं पाहिजे. नेलेके या कामात गल्लीत पहिली होती. बोटं गेल्यापासून तिची खिडकी शेजारच्या योकेपेक्षा मळकी दिसे, आणि संधिवाताइतकंच ते तिला दुखे. योके स्वभावाने मदत करणारी. ती न विचारता येऊन नेलेकेची खिडकी पुसून जाई, आणि जाताना म्हणे की आता कसं स्वच्छ दिसतंय. नेलेके आभार मानी आणि नंतर दिवसभर कुणाशी बोलत नसे.

कार्निवलचे दिवस आले. या गावाची कार्निवलमधली मिरवण्याची गोष्ट काय आहे, माहीत आहे? पूर्वी इथले विणकर घरातलं मूत मडक्यात साठवत आणि लोकर धुवायला गिरणीला देत. म्हणून आसपासच्या गावांनी त्यांना मडकेमुते म्हटलं, आणि हे लोक आजही ते नाव छातीवर लावून नाचतात. मुताच्या वासाचा यांना अभिमान, आणि एका म्हातारीच्या औषधाच्या वासाने यांचं नाक जळतं.

कार्निवलच्या रविवारी टिनुस निळा डगला आणि लाल रुमाल घालून, गल्लीतल्या बँडबरोबर ढोल वाजवायला गेला. समोरच्या घरातला तोन त्या बँडचा कर्णेवाला, तोच त्याला ओढून घेऊन गेला. नेलेके घरात एकटी राहिली. तिचे हात त्या दिवशी मोकळे होते. बोटं वळत होती. कार्निवलनंतर लगेच तिचा वाढदिवस होता, आणि वाढदिवसाआधी घर वरपासून खालपर्यंत धुवायचं ही तिची रीत कितीतरी वर्षांत तिला पाळता आली नव्हती.

तिने वरून सुरुवात केली. माळ्यावर आली, खिडकी पुसली, फरशी पुसली, यंत्राची बादली घासली. मग माझी खोळ काढली. खोळीखाली मी काळा. वर्षभर चांगलं काम केलेल्या माणसाचे कपडे जितके काळे होतात तितका. तिने माझ्याकडे मायेने पाहिलं. मला ते आजही आठवतं. "तुलाच कुणी कधी आंघोळ घातली नाही, नाही का?" ती म्हणाली.

पंखा बंद करून तिने मला सोडवलं, न्हाणीघरात नेलं, टबात उभं केलं आणि हिरव्या साबणाच्या पाण्यात घातलं. ज्या हातांनी एक कप उचलवत नव्हता त्या हातांनी तिने मला घासलं, जाळीच्या भोकाभोकातून पाणी सोडलं, माझ्यातून काळं पाणी वाहिलं ते पाहून आणखी जोमाने घासलं. माझं आयुष्य त्या टबाच्या मोरीतून जात होतं आणि ती गाणं गुणगुणत होती. तेलाने तिचे हात बरे केले, आणि बऱ्या हातांनी तिने मला मारलं. यात राग कुणावर धरायचा ते मला अजून कळलेलं नाही, म्हणून मी सगळ्यांवरच धरतो.

टिनुस संध्याकाळी बिअरचा वास घेऊन परतला. ती त्याला हात धरून माळ्यावर घेऊन गेली. मी तुळईला टांगलेला, खाली टपटप गळत होतो.

"कसा चकाकतोय बघ," ती म्हणाली. "आता आणखी दोन वर्षं चालेल."

टिनुसने मला हात लावला. ओल्या कोळशाचं वजन त्याच्या हाताला कळलं. साबणाचा फेस जाळीतून त्याच्या बोटांवर आला. त्याच्या तोंडावर काय होतं ते मी पाहिलं, तिने पाहिलं नाही, कारण ती माझ्याकडे पाहत होती.

"छान केलंस," तो म्हणाला.

नंतर त्याने काय केलं नाही? मला खोली तापवणाऱ्या नळ्यांजवळ ठेवलं, केस वाळवायच्या यंत्राने वाळवलं, उलटा-सुलटा केला. बाहेरून मी वाळलो. आत बिळाबिळात साबण घट्ट बसला होता, आणि कोळसा एका बाजूला बसून दुसऱ्या बाजूला फट पडली होती. तिच्यातून हवा शीळ घालत जाई. त्याने मला पुन्हा जोडलं, हवा बाहेर सोडणाऱ्या नळीला नाक लावलं, आणि तसाच खाली बसला. मग पोतं घेऊन लॅम्बर्टकडे गेला. लॅम्बर्टने शब्द पाळला आणि त्याला ओळखलं नाही.

झाडं कापून टाकायची, हा एक मार्ग होता. टिनुस कात्री घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिला. फुलं अजून कच्ची होती. कापली तर वर्षभराचं तेल गेलं, म्हणजे नेलेकेची झोप गेली, सुई गेली, खिडकी पुन्हा योकेच्या हातात गेली. अजून थोडेच दिवस, असं त्याने ठरवलं आणि कात्री खिळ्याला लावली. मी ओरडू शकत असतो तर ओरडलो असतो. घर की हात, यातलं एक निवडायचं होतं, आणि तो दोन्ही धरून बसला.

मग वाढदिवस आला. इथे वाढदिवस लपवता येत नाही. प्रत्येक घराच्या संडासात भिंतीवर एक दिनदर्शिका टांगलेली असते, तिच्यावर सगळ्या नातेवाइकांचे आणि शेजाऱ्यांचे वाढदिवस लिहिलेले असतात, आणि रोज सकाळी सगळे ती बसून वाचतात. आमंत्रण कुणी देत नाही, लोक येतात. टिनुसने यंदा राहू दे म्हणून पाहिलं. नेलेके म्हणाली की रद्द केला तर गल्ली महिनाभर कारण शोधत बसेल, आणि शिवाय यंदाच तर तिचे हात कप भरायला तयार होते. वास तिलाही येऊ लागला होता. फिल्टर जुना झाला असेल, असं ती म्हणे. टिनुस हो म्हणे.

दोघांनी सकाळपासून खिमा भरलेले लांबट पाव भाजायला घेतले. घरभर मसाल्याचा धूर केला. पण पंख्याचं काय करायचं? चालू ठेवला तर वास छपरावरून गल्लीत जाणार, आणि घरघर तर खाली ऐकू येणारच. टिनुसने तो बंद केला. माळ्यावर पूर्ण शांतता झाली, आणि खालच्या खोलीतलं सगळं जिन्यावरून मला ऐकू येऊ लागलं.

खुर्च्या गोल मांडलेल्या. जो येई तो नेलेकेचं अभिनंदन करी, मग टिनुसचं, मग मार्लुसचं, मग तिथे आधीच बसलेल्या प्रत्येकाचं, जणू नेलेकेच्या जगण्यात सगळ्यांचा वाटा होता. मग कॉफी आणि केकची एक फोड. मग पाव. कप नेलेकेने स्वतः भरले, आणि योके म्हणाली की अगं, तुझे हात किती सुधारलेत, कोणता डॉक्टर गं? नेलेके म्हणाली की हवा बदलली म्हणून असेल.

पंखा बंद, म्हणून वास जिन्यावरून पायरी पायरीने उतरला. मी वाटेतच होतो आणि काही करू शकलो नाही. खाली बोलणं हळूहळू विरळ झालं. कुणीतरी नाकाने हवा ओढल्याचा आवाज आला.

"नेलेके," योके म्हणाली, "तुझ्याकडे कसला गं वास येतोय?"

"पाव लागले खालून."

"मग ते लागलेले मलाच दे दोन," तोन म्हणाला. "कार्निवलपासून दुखणारं डोकं अजून उतरलेलं नाही माझं."

सगळे हसले. टिनुसही हसला. योके सगळ्यात जास्त वेळ हसत राहिली. मग कुणीतरी हवापाण्याचा विषय काढला, आणि बाकी वाढदिवस फार चांगला झाला. जाताना सगळ्यांनी पुन्हा एकदा सगळ्यांचं अभिनंदन केलं.

त्या गोलातल्या कुणीतरी निनावी फोन केला. कुणी, ते कधीच कळलं नाही, आणि या देशात ते कळू नये अशी सोय आहे. नेलेकेच्या काळजीपोटी केला असेल, आगीच्या भीतीने केला असेल, किंवा नुसता सवयीने. नंतरच्या दिवसांत नेलेकेला कुणीही टाळलं नाही, कुणीही तोंड फिरवलं नाही. मला राग त्याचाच येतो.

कापणी येत्या रविवारी ठरली होती. शुक्रवारी सकाळी कॉफीच्या वेळेला पोलीस आले. त्यांच्याबरोबर घरं देणाऱ्या संस्थेची एक बाई होती, गळ्यात रेशमी रुमाल बांधलेली, फार हळू आवाजात बोलणारी. टिनुसने दार उघडलं आणि सांगितलं की वर आहे, सगळं माझं आहे, बायको कधी वर गेलेलीच नाही.

माळ्यावर आलेला पोलीस तसा वाईट नव्हता. त्याने झाडं मोजली, मान हलवली, आणि मग त्याची नजर वर गेली. त्याने माझ्यावर बोटाच्या पेराने ठकठक केलं.

"खिडकीत पाच झाडं ठेवली असतीत तर आम्ही ती उचलून निघून गेलो असतो," तो टिनुसला म्हणाला. "पण दिवा, पंखा आणि हा? हौसेने झाडं लावणारा माणूस वास लपवत नसतो. हा असला की आम्ही त्याला धंदा म्हणतो."

म्हणजे मी. ज्याचं सगळं काम एवढंच होतं की कुणाच्या लक्षात येऊ नये, तोच पुरावा ठरलो. काम करत होतो तेव्हा गुन्हेगार, आणि काम थांबलं तेव्हा फितूर. दोन्ही बाजूंनी मलाच लागू होईल असा कायदा कुणी शोधला, त्याला एकदा भेटायचं आहे.

रुमालवाली बाई खाली नेलेकेला म्हणत होती की तिला मनापासून वाईट वाटतंय. स्वतःहून सही करून घर सोडलंत तर कोर्टात जायची वेळ येणार नाही. नेलेकेने सगळं ऐकून घेतलं, आणि मग सवयीने विचारलं की तुम्ही कॉफी घेणार का? बाई नको म्हणाली.

सामान उतरवणारी माणसं आली. तंबू, दिवे, झाडं जिन्यावरून खाली गेली. त्यांच्या बुटांची माती पायऱ्यांवर पडत होती, आणि त्यांच्या मागोमाग नेलेके ओलं फडकं घेऊन एकेक पायरी पुसत खाली येत होती. सोडून जायचं घर कुणाला मळकं सापडू नये म्हणून. उघड्या खिडकीतून पलीकडे योके दिसत होती. ती आपल्या कुंड्यांना पाणी घालत होती. नेलेकेकडे पाहून तिने हात हलवला, आणि नेलेकेनेही फडक्याचाच हात हलवला.

मला त्यांनी दाराशी, कोटांच्या खुंट्यांखाली टेकवून ठेवलं होतं, गाडीत जागा होईपर्यंत. पुसत पुसत नेलेके माझ्यापर्यंत आली. माझ्या पत्र्यावरून तिने फडकं फिरवलं. मग थांबली. जाळीवर वाळलेल्या साबणाची पांढरी रेघ होती, आणि तिच्या खालून कोळशाचा काळा ओघळ आलेला होता. ती रेघ तिने नखाने खरवडून पाहिली.

"टिनुस," ती म्हणाली. "हे मी धुतलं म्हणून तर झालं नाही ना?"

टिनुस स्टुलावर बसून बुटाची नाडी बांधत होता. ती केव्हाच बांधून झाली होती. त्याने ती सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.

"छे गं," तो म्हणाला. "तो भरतच आला होता. तू धुतलंस म्हणून उलट चार दिवस जास्त चालला."

"खरंच?"

"खरंच."

तिने मान हलवली. तिला बरं वाटलं, हे मला दिसलं. मग तिने फडकं पुन्हा पिळलं आणि माझी बाकीची जाळी नीट पुसून काढली, बाहेर जाणाऱ्या वस्तूने घराची लाज राखावी म्हणून.

इथे आणून टाकल्यावर माझं काय व्हायचं ते मला ठाऊक आहे. पत्रा एकीकडे, जाळी एकीकडे, आणि कोळसा कुठेतरी खड्ड्यात. त्याचं मला काही नाही. ती दोघं मार्लुसच्या घरी एका वरच्या खोलीत गेली असतील. नेलेकेची बोटं पुन्हा आखडली असतील, आणि टिनुस तिच्याबरोबर जागत असेल. मी निम्मासुद्धा भरलेलो नव्हतो. आणखी दोन पिकं सहज काढली असती मी, आणि ती दोघं आज आपल्या घरात असती. हे मला ठाऊक आहे आणि टिनुसला ठाऊक आहे.

आणि आता तुम्हालाही. हे माझ्यातून बाहेर पडायला नको होतं. पूर्वीचा असतो तर पोटात ठेवलं असतं, पण धुतलेल्या कोळशात आता काही राहत नाही. म्हणून एवढं एक काम तुमच्यावर टाकतो. मार्लुसच्या दारासमोर कधी एखादी म्हातारी, दुखऱ्या हातांनी पायरी पुसताना दिसली, तर थांबा, तिच्याशी बोला, पायरी किती स्वच्छ झाली म्हणून सांगा. पण मी सांगितलेलं तिच्या नाकापर्यंतसुद्धा पोचू देऊ नका.